फुगणारे दार आणि लाकडाची सुरी

कोकणातल्या आमच्या आजोळी माजघराचे दार दर पावसाळ्यात अडत असे. आजोबा सुताराला बोलावत, तो रंधा मारून दाराची कड उतरवी, आणि माघात त्याच दाराशेजारी बोटभर फट दिसे. पुढे मी पदार्थविज्ञान शिकले, बहुवारिकांवर पीएच.डी. केली. पण दार रुंदीतच का अडते, उंचीत का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो मला विचारला स्वीडनमधल्या एका शाळामास्तरांनी, वयाच्या पस्तिशीत.

२०१२ ते २०१४ अशी दोन वर्षे मी संशोधनासाठी गॉथेनबर्ग येथे होते. मुलगी तिथल्या शाळेत तिसरीत दाखल झाली. पहिल्याच महिन्यात तिने घरी एक लाकडी सुरी आणली. पावाला लोणी फासायची, बर्च लाकडाची, जरा वाकडी. ती तिने स्वतः कोरली होती, पात्याच्या चाकूने. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ती तक्रार करायला.

शिक्षक पन्नाशीतले. तिकडे मुले शिक्षकांना नावाने हाक मारतात. मला ते जमले नाही, म्हणून मी त्यांना सर म्हणे आणि त्यांना त्याची गंमत वाटे. सर स्वतःही परदेशीच होते. जन्म फिनलंडचा, तरुणपणी स्वीडनला आलेले. लाकूडकाम आणि तंत्रज्ञान असे दोन्ही विषय शिकवत. मी चाकूचा विषय काढताच त्यांनी दोन चाकू आणि एक काठी माझ्यापुढे ठेवली. एक चाकू बोथट, एक धारदार. "कापून पाहा," म्हणाले. बोथट चाकूला मी इतका जोर लावला की तो सटकून टेबलावर आदळला. धारदार चाकू सहज आत गेला. धारेचे क्षेत्रफळ जितके कमी, तितका त्याच जोराला दाब अधिक, हे आपण आठवी-नववीला शिकवतोच. जास्त जोर लावावा लागणारे हत्यारच हातातून सुटते आणि सुटल्यावर वेगाने जाते. त्यांच्या वर्गात बोटे कापत नाहीत असे नाही. वर्षातून काही वेळा पट्टी लावावी लागते, हे त्यांनी न लपवता सांगितले.

मग त्यांनी विचारले, "तुम्ही पदार्थांचा अभ्यास करता ना? मग सांगा, मी ही सुरी ओंडक्याच्या मधल्या गाभ्यातून का काढू देत नाही?" मला उत्तर आले नाही.

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्या खोडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असतात आणि त्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे सूक्ष्म तंतूही बहुतांशी त्याच दिशेने असतात. ताज्या लाकडातले पाणी दोन ठिकाणी असते, नळ्यांच्या पोकळीत आणि भिंतींच्या आत, तंतूंच्या मधे. लाकूड सुकू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. त्याने वजन कमी होते, आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतके पाणी उरले की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. त्यापुढे जाणारे पाणी भिंतीतले. ते गेले की तंतू एकमेकांजवळ सरकतात आणि लाकूड आकसते. तंतू जवळ येतात ते बाजूने. त्यांची लांबी जवळजवळ तशीच राहते. म्हणून पूर्ण सुकताना लाकूड लांबीत हजारी एक-दोन भागच आकसते, आणि आडवे मात्र शंभरी कित्येक भाग.

आडव्या दिशाही दोन. एक गाभ्याकडून सालीकडे जाणारी, त्रिज्येची. दुसरी वार्षिक वलयांच्या कडेने जाणारी, परिघाची. त्रिज्येच्या दिशेने काही पेशी आडव्या पट्ट्यांसारख्या पसरलेल्या असतात आणि त्या आकसण्याला आवर घालतात. सागाचे आकडे पाहा: ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, परिघाच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के. सरांच्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ओंडक्याची गोल चकती सुकते तेव्हा त्रिज्या २.५ टक्क्यांनी लहान होते. परीघाला त्याहून जास्त, ५.८ टक्क्यांनी लहान व्हायचे असते. पण वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या २π पटच हवा. हिशेब जुळत नाही, सुमारे ३.४ टक्के परीघ कमी पडतो. ३६० अंशांत याचे १२ अंश होतात, म्हणून चकती कडेपासून गाभ्यापर्यंत पाचरीसारखी फाटते. ओंडका आधी गाभ्यातून उभा चिरला तर ताण साठत नाही. अर्धा ओंडका थोडा वाकतो, इतकेच.

आजोळच्या दाराचे गूढही इथे उलगडते. पावसाळ्यात हवेतली वाफ नळ्यांच्या भिंतींत शिरते आणि फळ्या रुंदीत फुगतात. उंचीत फुगणे नगण्य. जुन्या सुतारांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर चांगल्या दारात दिलहा, म्हणजे चौकटीच्या खाचेतली फळी, खिळ्याने वा सरसाने न जखडता सैल बसवतात. तिने खाचेतल्या खाचेत फुगावे, आकसावे. आमच्या आजोळचे दार मात्र नुसत्या जोडफळ्यांचे होते. माघात फट पडत असे ती जुलैत रंधा मारल्यामुळेच, हे आजोबांना कोणी सांगितले नाही. कदाचित सुताराला माहीत असावे, पण त्याला तरी दरवर्षीचे काम कशाला नको असेल!

सरांशी ओळख वाढली तसा त्यांच्या विषयाचा इतिहास कळत गेला. या विषयाला तिकडे 'स्लॉइड' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ कसब असा. युनो सिग्नेउस या फिनलंडच्या शिक्षणतज्ज्ञाने पेस्टालॉझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांतून हस्तकला सर्वसामान्य शाळेत आणली. १८६६ च्या तिथल्या शिक्षणविषयक हुकूमनाम्यात तिला स्थान मिळाले. स्वीडनच्या ऑटो सालोमन यांनी १८७७ मध्ये सिग्नेउस यांची भेट घेतली आणि गॉथेनबर्गजवळच्या नेस येथे शिक्षकांसाठी वर्ग चालवले. त्यांना देशोदेशीचे शिक्षक येत. सालोमन यांचा आग्रह असा की मुलाने सुतार व्हावे म्हणून हे शिकवायचे नाही. सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या, घरात वापरता येतील अशा वस्तूंची मालिका करायची, आणि सुरुवात चाकूने. आज स्वीडनमध्ये हा विषय मुलगे-मुली सर्वांना सक्तीचा आहे, लाकूड-धातूचाही आणि कापडाचाही.

सर एकदा स्वतःविषयी बोलले. पहिल्या वर्षी त्यांचे स्वीडिश कच्चे होते आणि मुले उच्चारांना हसत. फळ्याजवळ उभे राहायची भीती वाटे, म्हणून ते बाकावर बसून हाताने करून दाखवू लागले आणि मुले भोवती जमू लागली. "माझी भाषा सुधारली, पण ती सवय राहिली," म्हणाले. एक खंतही त्यांनी सांगितली. फिनलंडमधल्या म्हाताऱ्या वडिलांना आपल्या मुलाचे काम समजत नसे. वडील स्वतः सुतार. मुलगा शिकून परदेशी गेला तो पुन्हा सुतारकामच करतो, आणि त्याचा पगार सरकार देते, याचे त्यांना शेवटपर्यंत नवल वाटे.

मला आपल्याकडचे आठवत होते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून ग्रामीण शाळांसाठी हाताने शिकण्याचा अभ्यासक्रम घडवला. विचारांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. पण २०१४ च्या जूनमध्ये आम्ही परतलो, आणि मुलीच्या नव्या शाळेत कार्यानुभवासाठी थर्माकोलची पवनचक्की आणायला सांगितली गेली. कोपऱ्यावरच्या दुकानात ती तयार मिळत होती. तिने तीच नेली आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तिची बर्चची सुरी दप्तरात होती. चाकूने केली म्हटल्यावर ती कोणी पाहिलीही नाही. बाईंचा दोष नाही. साठ मुले, एक तास आणि हत्यारांचे एकही कपाट नाही.

चाकूला परवानगी मिळणार नव्हती, म्हणून मी पाण्याचा प्रयोग मागितला. तो आपल्या शाळेतही करता येईल. सुताराकडून सागाचे टाकाऊ तुकडे घ्या. त्यांतून १० सें.मी. लांब, २ सें.मी. रुंद आणि शक्य तितक्या पातळ अशा दोन पट्ट्या कापून घ्या. एक धाग्यांच्या दिशेने उभी, दुसरी आडवी. आडवी पट्टी बोटाने मोडते, जपून हाताळा. तिसरी पट्टी प्लायवुडची. लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजून आठवडाभर पाण्यात बुडवा, मधे एकदोनदा पाणी बदला आणि पुन्हा मोजा. उभ्या पट्टीत फरक दिसणार नाही. हवेतल्या कोरड्या लाकडात साधारण १२ टक्के पाणी असते. ते ३० पर्यंत नेले तर आडवी पट्टी सुमारे साडेतीन मि.मी. वाढायला हवी. प्लायवुडचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना अडवून धरतात आणि पट्टीची लांबी जवळजवळ तशीच राहते.

मुलीच्या वर्गात चार गट केले होते. तिघांची आडवी पट्टी ३ मि.मी. च्या आसपास वाढली. चौथ्या गटाची जेमतेम दीड. "आमचे चुकले," म्हणत एक मुलगा आकडा खोडून ३ लिहायच्या बेतात होता. मी त्याचा हात धरला आणि सगळ्यांना पट्ट्यांच्या कडा खिडकीशी नेऊन पाहायला सांगितल्या. तीन पट्ट्यांच्या कडेला वलयांच्या रेघा पट्टीच्या लांबीबरोबर जात होत्या. चौथीत त्या पट्टीला काटकोनात उभ्या होत्या, गजांसारख्या. पाच मिनिटे वर्गात कोणीच बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्यांची पट्टी सालीकडून आत कापलीय."