गदेच्या सावलीतले सत्तावन्न किलो

2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झालेली महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती आमच्या पाटोदा-आष्टीच्या पारांवर अजून चालूच आहे. गदा पृथ्वीराज मोहोळनं नेली. पण उपांत्य लढतीत शिवराज राक्षेची पाठ लागली होती का, महेंद्र गायकवाडनं काही सेकंद उरले असताना मॅट का सोडलं, दोघांवरची तीन वर्षांची बंदी रास्त का, हे वाद मिटत नाहीत. 2023 ला पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले, तेव्हाही पोरं मोबाइलवर तो डाव थांबवून थांबवून पाहत होती. निकाल पटला नाही म्हणून पंचावर हात उचलणं मला मान्य नाही. पण पाठ लागली की नाही हे मैदानातल्या शेवटच्या माणसालाही पडद्यावर दिसलं पाहिजे, हेही तितकंच खरं.

1961 ला औरंगाबादेत दिनकर दह्यारींपासून सुरू झालेली विजेत्यांच्या नावांची माळ वाचकांना पाठ आहे. गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, पुढे नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांच्या तीन-तीन गदा.

माझं भांडण या शेवटच्या कुस्तीच्या वेडाशी आहे. गदेचा गट 86 ते 125 किलोंचा. त्यामुळं आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा पैलवान, पाटोद्याचा राहुल आवारे, या गदेच्या जवळपासही जाऊ शकत नव्हता. तो 57 किलोंचा. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीहून आणलेलं कांस्यही 57 किलोंचंच होतं, याची आठवण किती जणांना आहे?

राहुलचे वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. त्यांनी पोराला मातीत उतरवलं आणि पुढे पुण्यात रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाती दिलं. बिराजदार मामा लातूरचे. 1969 चे महाराष्ट्र केसरी आणि 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुलचे सुवर्णविजेते. 2011 ला ते गेले, तेव्हा राहुलचं मोठं यश अजून यायचं होतं. नंतर प्रशिक्षक काका पवारांनी त्याला सांभाळलं. 2016 च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेला दुसऱ्याला पाठवलं, तरी हा तालमीतून हलला नाही. 12 एप्रिल 2018 ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलच्या अंतिम लढतीत त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 नं हरवलं, आणि पाटोद्यात गुलाल उधळला. पुढच्या वर्षी नूर-सुलतानला 61 किलोंत जागतिक कांस्य. तो वजनगट ऑलिंपिकमध्ये नाही. 57 मध्ये रवी दहिया होता. 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला, टोकियोचं दार मात्र बंदच राहिलं.

मॅटनं मराठी कुस्ती मारली, असं काही जाणकार दर दिवाळीला लिहितात. पाटोद्याच्या मातीतला पोरगा मॅटवर जग जिंकतो तेव्हा ही मंडळी कुठं असतात? कुस्ती खचते ती खुराकाअभावी. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या घरात सव्वाशे किलोंचा गडी पोसायला दूध, तूप, बदाम कुठून यायचे? आमच्या पोरांचं वजन 57, 61, 65 असंच राहणार. त्यांच्यातली चपळाई, पट काढायची झडप, ढाक लावण्याची घाई मोठ्या जोडीत दिसत नाही.

पूर्वी जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्त्यांपासून हलगी तितक्याच जोरानं वाजायची. बारकी पोरं निकाली कुस्ती करायची, आणि लोक उठून फेटे बांधायचे. आता लाखाच्या इनामाच्या शेवटच्या जोडीसाठी परराज्यातला मल्ल आणतात. सकाळच्या उन्हात, गर्दी जमण्याआधी, पोरांच्या कुस्त्या उरकून टाकतात.

महाराष्ट्र केसरीतही तेच. हलक्या गटांच्या अंतिम लढती आधीच्या दिवसांत संपतात, वर्तमानपत्रात एका ओळीत येतात. माझी जुनी मागणी आहे: 57 किलोंची अंतिम कुस्ती शेवटच्या संध्याकाळी, गदेच्या लढतीच्या आधी, त्याच भरल्या मैदानात लावा, आणि तिचं इनामही त्या तोलाचं ठेवा.