रोजा, व्यायाम आणि ताटातला भात

रमजान सुरू झाला की गावोगावच्या व्यायामशाळांचे वेळापत्रक बदलते. एरवी सकाळी वजने उचलणारी मुले इफ्तारच्या तासभर आधी येऊ लागतात, काही तरावीहची नमाज आटोपून रात्री साडेदहाला. शेजारच्या बाकावर रोजा नसलेले मित्र असतातच. व्यायाम संपला की दोघांपुढे प्रश्न एकच असतो, आता खायचे काय? अंडी, चिकन, डाळ, पनीर यांवर एकमत असते. वाद होतो तो कर्बोदकांवर, म्हणजे भात, पोळी, बटाटा आणि साखर यांवर. एक सांगतो, भात सोडल्याशिवाय पोट उतरत नाही. दुसरा सांगतो, अर्ध्या तासात गोड पोटात गेले नाही तर मेहनत वाया.

रोजेदाराला हे दोन्ही सल्ले महागात पडतात. खायला त्याच्याकडे फक्त रात्र असते. त्यातही भात-पोळी वगळली, की आठवडाभरात नेहमीची वजने जड वाटू लागतात, चिडचिड वाढते, आणि ‘रोजा आणि व्यायाम एकत्र जमत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. बऱ्याचदा दोष रोजाचा नसतो, ताटाचा असतो.

शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात मुख्यतः दोन ठिकाणी ठेवते. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम, तर स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम. यकृताचा साठा सगळ्या शरीरासाठी असतो, मेंदूसुद्धा त्यावरच चालतो. स्नायूचा साठा मात्र त्या स्नायूपुरताच, तो दुसऱ्याला उसना देत नाही. दिवसभराच्या रोजात यकृताचा साठा उतरतो. वजने उचलताना राबलेल्या स्नायूंतला साठा पाव ते चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. रोजा ठेवून व्यायाम करणाऱ्याची दोन्ही खाती रिकामी होत आलेली असतात, आणि ती रात्रीतच भरायची असतात.

मग अर्ध्या तासाच्या घाईचे काय? १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंवर एक प्रयोग केला. व्यायामानंतर लगेच कर्बोदके दिली तेव्हा स्नायूंचा साठा वेगाने भरू लागला. दोन तास उशीर केला तेव्हा भरण्याचा वेग जवळपास निम्मा झाला. पण पुढच्या संशोधनात दिसले, की पुरेसे खाल्ले तर आठ तासांनंतर दोघांचा साठा सारखाच भरतो. त्याच दिवशी पुन्हा कसून सराव करणाऱ्या खेळाडूला घाई कामाची. उद्या संध्याकाळी परत वजने उचलणाऱ्याने सहेरीपर्यंत एकूण किती खाल्ले, हेच महत्त्वाचे. त्यामुळे साडेपाचला व्यायाम संपवून मगरिबच्या अजानची वाट पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही.

सुरुवातीला खजूर उत्तम. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि बहुतेक वाणांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखेच. फ्रुक्टोज मुख्यतः यकृत वापरते, ग्लुकोज स्नायूंपर्यंत पोहोचते. तीन-चार खजूर, पाणी आणि एक केळे एवढ्याने सुरुवात होते. कलिंगड गोड लागले तरी १०० ग्रॅममध्ये साखर जेमतेम सात-आठ ग्रॅम. त्याचा खरा उपयोग पाण्यासाठी. सरबताचा एक पेला ठीक, तिसऱ्या पेल्याने फक्त भूक मरते. भजी आणि समोसे चवीपुरते घ्यावेत. तेलामुळे पोट सावकाश रिकामे होते आणि जेवणाची जागा तिथेच भरते.

खरा साठा भरतो तो नमाजनंतरच्या जेवणात. व्यायाम झालेला स्नायू साखर ओढून घ्यायला तयार असतो, म्हणून एरवी बदनाम असलेला पांढरा भात इथे कामाला येतो. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके, उकडलेल्या बटाट्यात किंवा रताळ्यात २० च्या आसपास. सोबत डाळ, अंडी किंवा गोश्त असले की स्नायूंच्या दुरुस्तीची सोय होते. गहू, डाळी आणि गोश्त एकत्र शिजवलेला खिचडा हे दोन्ही एकाच वाडग्यात देतो. सहेरीला मात्र सावकाश पचणारे बरे: ज्वारीची भाकरी, चपाती, ओट्स, उसळ, दूध.

७० किलोच्या माणसाने आठवड्यातून तीन-चार दिवस वजने उचलली, तर दिवसाला किलोमागे तीन ते पाच ग्रॅम कर्बोदके पुरतात. चार खजूर, दोन केळी, ३०० ग्रॅम भात, एक वाटी डाळ, सहेरीला दोन भाकऱ्या आणि पेलाभर दूध यांची बेरीज अडीचशे ग्रॅमच्या आसपास जाते. हे ताट काही राक्षसी नाही. व्यायामशाळेत विकली जाणारी महागडी कर्बोदक पावडर बहुधा मक्याच्या स्टार्चपासून बनते. त्या पैशांत महिनाभराचा तांदूळ येतो.

भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, हे खरे. पण एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा उतरला की तेवढे पाणीही जाते. चरबी जवळपास तेवढीच राहते आणि ताकद मात्र जाते.

कोल्हापूरच्या तालमीत मेहनतीनंतर दूध, बदाम, खसखस आणि साखरेची थंडाई घोटली जाते, तीही याच हिशेबाने. ‘तालीम’ हा शब्द उर्दूत शिक्षणासाठी वापरतात, मराठीत आखाड्यासाठी. उपवास करणाऱ्या मित्राचे साबुदाणा आणि रताळेही स्टार्चचेच, त्यात शेंगदाणे आणि दही घातले की त्याचेही काम होते.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने हे गणित स्वतः मांडू नये, आधी डॉक्टरांशी बोलावे. व्यायाम करताना चक्कर आली, हात थरथरले तर वजन खाली ठेवावे. रोजात नवे विक्रम करायची गरज नाही. आहे ती ताकद ईदपर्यंत टिकली तरी पुष्कळ झाले. आणि घरातल्या मुलाने किंवा मुलीने इफ्तारनंतर भाताचा दुसरा वाढा मागितला, तर तो निःशंक वाढावा.