ताण मानेशी येतो
भुईगावच्या पुळणीत बांबू रोवून त्याला वरून दाबलं, तर तो जागचा हलत नाही. तोच बांबू शेंड्याला धरून बाजूला ओढला, की वाळू आधी तोंडाशी सुटते. जबड्यात बसवलेल्या दाताच्या इम्प्लांटचं बरंचसं असंच असतं. स्क्रू कुठल्या कंपनीचा, यावर आपण घासाघीस करतो. हाडाला मात्र फरक पडतो तो स्क्रू कुठे आणि कोणत्या दिशेने बसला याचा. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते, जेमतेम पाव मिलिमीटरची. चावताना दात तिच्यावर किंचित दबतो आणि धक्का पसरतो. इम्प्लांटला ही गादी नाही. टायटॅनियम हाडाशी थेट जुळतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या १९५२ पासूनच्या प्रयोगांत दिसलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. ही जुळणी हेच या उपचाराचं बळ आहे, पण तिच्यामुळेच प्रत्येक घासाचा जोर सरळ हाडावर येतो. टायटॅनियम हाडाच्या कठीण कवचापेक्षाही सात-आठ पट ताठ. त्यामुळे ताण स्क्रूच्या सगळ्या लांबीवर सारखा न वाटला जाता मानेशी, हिरडीखालच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये गोळा होतो. त्यात चावण्याचा जोर स्क्रूच्या आसापासून २ ऐवजी ४ मिलिमीटरवर पडला, तर वाकवणारा जोर सरळ दुप्पट होतो. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड भुसभुशीत असतं. तिथे जागेची ही चूक आणखी महाग पडते.

हे सगळं संगणकावरच्या प्रतिरूपांचं गणित आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. त्या प्रतिरूपांत हाड बहुधा एकजिनसी धरलेलं असतं. जिवंत हाड तसं नसतं. म्हणून त्यांतले आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, पण दोन जागांची तुलना करायला ती उपयोगी पडतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हाड झिजतं ते मुख्यतः जंतूंमुळे, आणि हिरडी निरोगी असताना जास्त भार दिलेल्या प्राण्यांत दर वेळी झीज दिसली नाही. हे मान्यच करायला हवं. मात्र जंतूंनी मानेजवळचं हाड एकदा खाल्लं की स्क्रूचा उघडा भाग वाढतो, तरफ लांबते आणि तोच घास उरलेल्या हाडाला जड जातो. मग चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभारताना मागचे दोन मुद्दाम तिरके कसे बसवतात? कारण चारही एकाच ताठ पट्टीने बांधलेले असतात आणि तिरकेपणामुळे मागे लोंबणारा भाग कमी होतो. म्हणजे दोष नुसत्या कोनाचा नाही, तरफेचा आहे.

म्हणून वसईतल्या दवाखान्यात जा किंवा मुंबई सेंट्रलजवळच्या नायर दंत महाविद्यालयात, किंमत विचारण्याआधी एवढं विचारा: दाताची जागा आधी ठरवून मग स्क्रूची ठरवली आहे, की हाड जिथे मिळालं तिथे स्क्रू बसणार आहे?