रात्री ऑइल घरात, विमान बर्फात

कार्ल बेन आइल्सन यांनी 1924 मध्ये अलास्कातल्या फेअरबँक्सहून मॅकग्रथला विमानानं टपाल नेलं. पुढे या भागात छोटी विमानं घेऊन उडणाऱ्या वैमानिकांची एक जमातच तयार झाली. हिवाळ्यात त्यांच्या उद्याच्या उड्डाणाची तयारी आज संध्याकाळीच सुरू व्हायची. विमान बर्फावर टेकलं की जेवणखाण नंतर. आधी इंजिन गरम आहे तोवर त्यातलं ऑइल डब्यात उतरवून घ्यायचं. उशीर झाला तर ते काकवीसारखं घट्ट होणार आणि नळीतून खाली यायलाच नकार देणार. तो डबा मग मुक्कामाच्या घरात शेगडीशेजारी झोपायचा.

पहाटेचं काम जास्त जिवावरचं. इंजिनावर जाड कॅनव्हासची खोळ चढवायची, ती पार जमिनीपर्यंत सोडायची आणि आत, इंजिनाच्या बरोबर खाली, भणाणणारा ब्लो लॅम्प ठेवायचा. वर पेट्रोलच्या नळ्या, भोवती कापड, खाली ज्वाळा! वैमानिक स्वतः त्या खोळीत शिरून राखण करत बसायचा, आग विझवायचं साधन हाताशी ठेवून. जरा लक्ष हटलं आणि विमान जळून गेलं, असंही घडायचं. इंजिन पुरेसं शेकलं की शेगडीवर तापवलेलं ऑइल ओतायचं, खोळ ओढून काढायची आणि ऊब टिकून आहे तेवढ्यात पंखा फिरवायचा. इंजिननं धरलं तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

एवढा खटाटोप करावा लागतो, कारण थंडी इंजिनाला एकाच वेळी अनेक बाजूंनी घेरते. ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरी ढेपाळते. उणे 18 अंशांना तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते. पेट्रोल गोठत नाही, पण त्याची वाफ पुरेशी होत नाही आणि वाफेशिवाय ठिणगी वाया जाते. डिझेलची तऱ्हा वेगळी. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेलाची बाटली थिजते, तसं त्यातलं मेण गोठून कण धरतं आणि फिल्टर तुंबतो.

1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर अडकलेल्या जर्मन सैन्याला हे सगळं एकदमच भोगावं लागलं. सैनिक रणगाड्यांखाली आगी पेटवत होते. समोरच्या सोव्हिएत टी-34 रणगाड्यात मात्र दाबलेल्या हवेची नळकांडी होती. बॅटरीनं मान टाकली तरी ती हवा इंजिन फिरवायची. सोव्हिएत विमानदळाची युक्ती तर ऐकायला वेडेपणाची वाटते: इंजिन बंद करण्याआधी ऑइलमध्ये चक्क पेट्रोल मिसळायचं. एरवी हा गुन्हाच म्हणायचा. पण पातळ झालेलं ऑइल सकाळी वाहतं आणि इंजिन तापलं की पेट्रोल उडून जातं. जर्मनांनीही पुढे हीच पद्धत उचलली.

लडाखमधल्या ड्रायव्हरांना या साऱ्यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं, टाकीखाली आग लावणं हे तिथले जुने उपाय. डिझेल पेट्रोलसारखं चटकन भडकत नाही म्हणून निभावतं, एवढंच. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं.

सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये जानेवारीचं सरासरी तापमानच उणे 40 च्या जवळ. तिथे सोपा उपाय म्हणजे गाडी बंदच न करणं. मालक दुकानात, गाडी बाहेर घरघरत उभी. काही गाड्यांत ठरावीक वेळानं इंजिन आपोआप चालू करणारं यंत्र असतं, काहींना रात्री गाडीच्या मापाची जाड गोधडी पांघरतात. यातलं काहीच नसलेला माणूस बॅटरी काढतो आणि जिने चढून घरात नेतो. उतरलेली बॅटरी बाहेर राहिली तर आतलं पाणी गोठून ती फुटायचीच भीती.

फेअरबँक्समध्ये आता खोळ आणि ब्लो लॅम्पऐवजी वायर आहे. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी 1949 मध्ये इंजिनात बसणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट घेतलं. अशा हीटरसाठी तिथल्या पार्किंगमध्ये ओळीनं प्लग पॉइंट असतात. पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांच्या नाकातून वायर लोंबताना पाहून नवख्या पाहुण्याला वाटतं, या गावात सगळ्यांनीच इलेक्ट्रिक गाड्या घेतल्यात की काय!