बधिर झालेलं बोट नेमकं कोणतं?

ऊसतोडीचा हंगाम आला की भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतली अनेक कुटुंबं बिऱ्हाड बांधून कारखान्यांकडे निघतात. मग कित्येक महिने मुठीत कोयता. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर ‘कामानं होतं’ एवढंच म्हणायचं, तेल चोळायचं आणि पुन्हा फडात उतरायचं. धाराशिव जिल्ह्यात शिलाई मशीन चालवणाऱ्या किंवा रोज धारा काढणाऱ्या हातांचंही याहून वेगळं नाही.

पुष्कळदा ते खरंच कामानं होतं. मनगटातल्या अरुंद वाटेतून जाणारी नस सततच्या पकडीनं दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर होते, करंगळी मात्र शाबूत राहते. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. डॉक्टर याला कार्पल टनल म्हणतात. गर्भारपणात आणि थायरॉईड कमी पडल्यावरही हा त्रास होतो. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून आराम पडतो. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, तर नस फार दिवसांपासून दाबलेली आहे असं समजावं आणि शस्त्रक्रिया टाळू नये.

मधुमेहाची चाल निराळी. बधिरपणा आधी दोन्ही तळपायांत येतो, हातांपर्यंत मागाहून पोचतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी असंच काहीसं होतं. गोरोबाकाकांच्या तेरच्या या मुलखात माळकरी घरं पुष्कळ. दूधदुभतं कमी असलेल्या शाकाहारी जेवणात बी-१२ जवळजवळ मिळत नाही. त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर ते आणखी घटतं. साधी रक्ततपासणी केली की कळतं.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर असेल, तर दोष बहुधा कोपरामागून जाणाऱ्या नसेत. तिथे दाब असू शकतो, आणि कुष्ठरोगही. सोबत त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायला हवं. डिसेंबर २००५मध्ये देशपातळीवर या रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आलं; पण रोग संपलेला नाही. महाराष्ट्रात आशाताई अजूनही घरोघर चट्टे शोधतात, त्या यामुळेच. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

बोटं झडतात ती जंतूंनी खाल्ल्यामुळे, हा समज खोटा. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की वेदनाच कळेनाशी झाल्यानं चटके आणि जखमा दुर्लक्षित राहतात आणि हात त्यातून निकामी होतो. तव्याची धग न कळणारी बाई त्यामुळेच सर्वाधिक धोक्यात असते. कुष्ठरोगानं झालेली नसेची इजा नवी असेल, साधारण सहा महिन्यांच्या आतली, तर वेळेवर दिलेल्या स्टिरॉइडनं संवेदना आणि ताकद पुष्कळदा परत येते.

दवाखान्यात जाताना कोणती बोटं, रात्री वाढतं की काम करताना, आणि पाय कसे आहेत, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र ही चौकशी करत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ला फोन करावा.