पांढऱ्या पेशी वाढल्या, तरी घाई नको

अकोल्यात गुडघ्याच्या ऑपरेशनआधी किंवा अमरावतीत शुगरच्या तपासणीसोबत साधी सीबीसी होते आणि पांढऱ्या पेशी एकदम ४० हजारांवर निघतात. ताप नाही, खोकला नाही, जेवण व्यवस्थित. रुग्ण साठीच्या आसपासचा असेल, तर क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचा, म्हणजे सीएलएलचा विचार व्हायलाच हवा.

या रक्तकर्करोगात एकाच बी-लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) संतती मरत नाही. रक्तात, लसिकागाठींत, प्लीहेत साठत जाते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात तो विरळ, म्हणून चकवतो. मानेतल्या गाठी पाहून आधी क्षयाची शंका येते. आपल्याकडे ती रास्तच; पण गाठ न तपासता सुरू केलेली क्षयाची औषधं मोलाचे महिने घालवतात.

निदान फ्लो सायटोमेट्रीने होतं. ही तपासणी रक्तावर होते, बहुतेकांच्या हाडातून मज्जा काढावी लागत नाही आणि नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

जोधपूरला जन्मलेले डॉ. कांती राय यांनी अमेरिकेत १९७५ मध्ये या आजाराच्या पायऱ्या मांडल्या: आधी नुसत्या लिम्फोसाइट वाढतात, मग गाठी, पुढे प्लीहा किंवा यकृत, मग हिमोग्लोबिन ११ च्या खाली, शेवटी प्लेटलेट एक लाखाच्या आत. सीबीसी आणि पोट-मान चाचपणारा डॉक्टर, एवढ्यावर हे ठरतं! तालुक्याच्या दवाखान्यातही जमेल असं हे काम आहे.

सुरुवातीच्या टप्प्यावर केमो देऊन आयुष्य वाढत नाही, हे फ्रान्समधल्या १९९८ च्या अभ्यासाने दाखवलं. अशा वेळी ठरावीक अंतराने तपासत राहणं हाच उपचार. घरच्यांना ते पटत नाही, साहजिक आहे. म्हणून तर रक्तविकारतज्ज्ञ हवा: कधी थांबायचं, कधी सुरू करायचं, हे त्याने सांगावं. औषधाआधी १७पी हा गुणसूत्राचा भाग आणि टीपी५३ हे जनुक तपासले का, हे जरूर विचारावं. तिथे दोष असेल तर जुनी केमो फारशी चालत नाही, इब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्ससारख्या गोळ्या लागतात. त्यातली इब्रुटिनिब रक्तस्राव वाढवू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगावं.

असा तज्ज्ञ गाठायला अमरावतीहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे; मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय. जाताना जुन्या सगळ्या सीबीसी तारखेवार लावून न्याव्यात. लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या का, हे त्यांतूनच कळतं. आणि या रुग्णाला ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.