स्वयंचलित टेप लायब्ररीतील ड्राइव्हचे व्यवस्थापन

स्वयंचलित टेप लायब्ररी हे सर्व्हरवरील विदा चुंबकीय फितींवर साठवून ठेवणारे यंत्र होय. तिच्यात कार्ट्रिज ठेवण्याचे कप्पे, फीत वाचणारे व लिहिणारे एक किंवा अनेक ड्राइव्ह आणि कार्ट्रिजची ने-आण करणारा यांत्रिक हात असतो. कोणती फीत कोणत्या ड्राइव्हमध्ये चढवायची, हे सर्व्हरवरील बॅकअप सॉफ्टवेअर ठरवते.

इतिहास

आयबीएम कंपनीने १९७४ मध्ये ३८५० ही साठवण प्रणाली जाहीर केली. तिच्यातील कार्ट्रिज मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी कप्प्यांत ठेवलेली असत. स्टोरेजटेक कंपनीची ४४०० ही प्रणाली १९८७ मध्ये आली. २००० साली आलेल्या एलटीओ या खुल्या मानकाच्या पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट विदा मावत असे. नवव्या पिढीत ही क्षमता १८ टेराबाइट झाली.

पत्त्यांची जुळणी

ड्राइव्हला दोन ओळखी असतात. यांत्रिक हात त्याला लायब्ररीतील जागेच्या क्रमांकाने ओळखतो, तर सर्व्हरची कार्यप्रणाली त्याला स्वतः दिलेल्या नावाने ओळखते. लिनक्समध्ये ही नावे ड्राइव्ह ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने दिली जातात. त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर किंवा ड्राइव्ह बदलल्यावर ती बदलू शकतात.

ही जुळणी बिघडली, तर हात एका ड्राइव्हमध्ये फीत चढवतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याच ड्राइव्हपाशी तिची वाट पाहत राहते. त्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये आधीपासून भलतीच फीत असल्यास तिच्यावरील जुनी विदा पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून सॉफ्टवेअर फितीच्या आरंभी नोंदलेले नाव तपासूनच लेखन सुरू करते. ड्राइव्हचा अनुक्रमांक मात्र बदलत नाही. अनेक लायब्रऱ्या प्रत्येक जागेवरील ड्राइव्हचा अनुक्रमांक सर्व्हरला कळवतात. त्याच्या आधारे दोन्ही ओळखींची जुळणी करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. सदोष ड्राइव्हच्या जागी नवा बसवल्यास ही नोंद अद्ययावत करावी लागते.

वेग व निगा

आठव्या पिढीचा एलटीओ ड्राइव्ह सेकंदाला ३६० मेगाबाइटपर्यंत विदा लिहू शकतो. सर्व्हरकडून विदा संथपणे आल्यास ड्राइव्ह आपला वेग काही मर्यादेपर्यंत कमी करतो. त्याहूनही संथ प्रवाहात फीत थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुढे न्यावी लागते. असे वारंवार घडल्यास वेळ वाया जातो आणि फीत व वाचनशीर्ष दोन्ही झिजतात. म्हणून विदा आधी डिस्कवर जमा करून मग फितीवर सलग लिहिली जाते.

वाचनशीर्ष स्वच्छ करण्याची गरज भासल्यास ड्राइव्ह तशी सूचना देतो. त्यानंतर स्वच्छता कार्ट्रिज चढवले जाते. ते ठरावीक वेळाच वापरता येते. ड्राइव्ह बदलताना पिढ्यांची सुसंगतताही पाहावी लागते. आठव्या पिढीचा ड्राइव्ह सातव्या व आठव्या पिढीच्याच फिती वाचू शकतो. त्यामुळे सर्व जुने ड्राइव्ह एकदम काढून टाकल्यास त्याआधीच्या फिती सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरतात.

महत्त्व

फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे ईमेल दिसेनासे झाले. अनेक विदा केंद्रांतील प्रतींनाही या दोषाची झळ बसली. फितींवरील प्रती चालू प्रणालीपासून अलग असल्याने सुरक्षित राहिल्या आणि त्यांतून ईमेल परत मिळवता आले. हा अलगपणा हेच फितीचे मुख्य बळ आहे. परंतु ती वाचू शकणारा सुस्थितीतील ड्राइव्ह असेल, तरच त्याचा उपयोग होतो.